घोड्याचा दुसरा भाग

पहिला घोडा चांगला की दुसरा, असं रत्नागिरीत अजूनही कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊकच असतं. पहिला. बंदरावर बोटीची वाट बघत बसलेले म्हणतात पहिला, मासळीवाल्या म्हणतात पहिला, ज्यांनी दुसरा अर्धवट सोडला तेही म्हणतात पहिला. दुसरा भाग मी मुंबईला जाऊन भांडून आणला होता आणि तो प्रत्येक बाबतीत पहिल्याहून सरस होता. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. पण माझ्या सांगण्याला किंमत नाही, कारण पहिला भाग मी तेव्हा पाहिलाच नव्हता. माझ्याच चित्रांच्या तंबूत तो महिनाभर चालला आणि मी तो फक्त ऐकला.

कारण मी दाराशी असायचो. तंबूचा खेळ दिवेलागणीला सुरू व्हायचा आणि तिकिटावरून वाद खेळ अर्धा होईपर्यंत चालायचे. तिघे भाऊ येऊन दोघांच्या दरात सोड म्हणायचे. एखादी बाई कडेवरच्या पोराकडे बोट दाखवून म्हणायची, हे झोपलंय, हे काय बघणार. मी म्हणायचो, मग ते माझ्याकडे ठेव, मी सांभाळतो. ती पोराचं तिकीट काढायची आणि मला शिव्या घालत आत जायची. हे मला आवडायचं. आतलं चित्र आतल्यांनी बघावं, माझं काम दाराशी.

घासाघीस मी हर्ण्याला शिकलो. संध्याकाळी होड्या लागल्या की तिथे वाळूवर मासळीचा लिलाव होतो. मी तिथून आणि बुरोंडीहून सुकी मासळी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विकत फिरायचो. शाळेत गेलो नाही. बाविसाव्या वर्षी, दुकानदार पुड्या बांधतात त्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांवरून वाचायला शिकलो आणि त्याचा मला फार अभिमान होता. पुढे घाटावरच्या एका माणसाचा तंबू आणि हातानं फिरवायचं चित्रांचं यंत्र मी घेतलं. तो तंबू कातळावर उभा करून बसला होता आणि जांभ्याच्या कातळात खुंटी ठोकता येत नाही हे त्याला कळत नव्हतं. तीनदा तंबू उडाला, मग तो कंटाळला. मी दोर दगडांना बांधले. तंबू माझा झाला.

चित्रं तेव्हा मुकी होती. मध्येमध्ये अक्षरांची पाटी पडद्यावर यायची, त्यात कोण काय बोलला ते लिहिलेलं असायचं. पण आमच्या प्रेक्षकांत वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे पडद्याशेजारी स्टुलावर बसून गोष्ट सांगणारा माणूस लागायचा. तो चांगला असला तर चित्र चांगलं.

माझा सांगणारा म्हणजे माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आई गेल्यावर मला या बहिणीनंच वाढवलं. मी तिला बाय म्हणतो. भावजी लग्नाआधी गावच्या नमनात गाणं म्हणत. नमन-खेळे म्हणजे आमच्याकडे शिमग्याच्या सुमारास रात्ररात्र चालणारा गाण्या-नाचाचा खेळ, आणि त्यांचा आवाज तीन वाड्यांपलीकडे जायचा म्हणतात. मग ते मुंबईला गिरणीत गेले आणि बारा वर्षांनी छातीत कापूस भरून परत आले. बाय माझ्याकडे आली आणि म्हणाली, ह्यांना आता नांगर धरवत नाय. आवाज तेवढा राहिलाय, त्याचं काय होतंय का बघ. मी तिला म्हटलं, माझा तंबू उभा आहे तोवर पडद्याशेजारचं स्टूल त्यांचं. ही एकच गोष्ट मी आयुष्यात घासाघीस न करता दिली.

पहिला घोडा आला तेव्हा भावजी पहिल्याच संध्याकाळी चित्रावर स्वार झाले. मी दाराशी उभा राहून कापडाच्या भिंतीतून ऐकत होतो. एक राजपुत्र, एक उडता घोडा, एक पांढऱ्या कपड्यातला साधू आणि एक काळा. तो काळा पडद्यावर आला की आत एकच गलका व्हायचा. का, ते मी एकदा दाराचा पडदा बाजूला सारून डोकावलो तेव्हा कळलं. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, छातीपर्यंत पांढरी दाढी. हा तर आमच्या नमनातला संकासूर. आता संकासूर नावानं असुर असला तरी आमच्याकडे त्याला कुणी वाईट समजत नाही. शिमग्यात तो घुंगरं वाजवत अंगणात येतो, बायका त्याच्या पायावर पोर घालतात, त्याला नवस बोलतात. तो पोरांना घाबरवतो आणि घरादाराला हसवतो. तो पडद्यावर आला म्हटल्यावर तो आपला, हे कुणाला सांगायला लागलं नाही. लोकांना नाही आणि भावजींनाही नाही.

भावजींच्या सांगण्याप्रमाणे घोड्याला लहानाचा मोठा त्या काळ्यानं केलेला. पांढऱ्या कपड्यातला साधू भोंदू, त्याला घोडा मारायचा आहे. शेवटी समुद्रावरच्या कड्यावर घोड्याचा पाय घसरतो, काळा त्याचा लगाम धरून त्याला सावरतो, राजपुत्र वर चढून निसटतो आणि काळा स्वतः कड्यावरून दर्यात पडतो. इथे भावजी थांबत. काहीच बोलत नसत. बाहेर उभ्या असलेल्या मलासुद्धा त्या शांततेत नाक शिंकरल्याचे आवाज ऐकू यायचे. लोक पाच-पाच वेळा आले. आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसं मुक्काम वाढवून आली. पडद्यापुढे नारळ फुटले. त्या वर्षी शिमग्यात दोन गावांच्या संकासुरांनी गळ्यात दोराचा लगाम अडकवून घेतला आणि अंगणाअंगणात कड्यावरचा प्रसंग केला. भावजी वाटेनं चालले की अनोळखी माणसं त्यांना भावजी म्हणून हाक मारायची. जगाचे भावजी झाले. बायनं त्या वर्षी नवं लुगडं नेसून मला जेवायला बोलावलं आणि वाढताना म्हणाली, ह्यांची छाती बरी हाय आताशा. बरी काही नव्हती. पण मला बरं वाटलं.

दोन वर्षांनी कळलं की घोड्याचा दुसरा भाग निघालाय. मी दुसऱ्या दिवशीची बोट धरली. चित्रं भाड्यानं देणारा मुंबईचा माणूस पक्का होता. मी तीनदा उठून त्याच्या दारापर्यंत गेलो, तिसऱ्यांदा उंबऱ्याबाहेर पाय टाकला तेव्हा त्यानं हाक मारली. सौदा झाल्यावर तो म्हणाला, काळा परत येतोय बरं का, आणि या खेपेला फार भयंकर. मला ही तारीफ वाटली. परतीच्या बोटीवर मी जाहिरातीचा कागद तीनदा वाचला. ‘कपटी मांत्रिक सूड घेण्यास पुन्हा अवतरतो.’ कपटी मांत्रिक म्हणजे तो साधू, यात मला शंका आली नाही. रत्नागिरीत उतरल्या उतरल्या मी दवंडी दिली. आपला काळा दर्यातून परत येतोय. दवंडीवाला आतल्या गावांपर्यंत गेला.

खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी मी भावजींना घेऊन माझ्या सुक्या मासळीच्या वखारीत गेलो. दारं बंद केली, भिंतीवर धोतर ताणलं आणि यंत्रवाल्याला चित्र लावायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चित्र समोर बसून सलग बघत होतो. वखारीत उकाडा होता आणि बोंबलांचा वास. पण मी सगळं विसरलो. घोडा असा उडत होता की तारा कुठे बांधल्यात ते शोधून सापडत नव्हतं. पहिल्यात तारा दिसत होत्या, हे बघणारेच सांगायचे. पंख खऱ्या पिसांचे. पुलावर तलवारबाजी सुरू झाली तेव्हा एकट्या राजपुत्रावर इतके जण धावून आले की मी मोजायचं सोडून दिलं. खरा समुद्र, खरं वादळ. मी मनात म्हटलं, पहिल्यासाठी लोक पाचदा आले तर याला दहादा येतील.

मग काळा समुद्रातून वर आला. झग्यावर शेवाळ, टोपी तशीच उंच. पाटी आली आणि मी ती मोठ्यानं वाचली. राजपुत्रानं कड्यावरून ढकललेला कपटी मांत्रिक जिवंत आहे, असं त्यात होतं.

मी यंत्रवाल्याला थांब म्हटलं.

“ढकलला म्हणतायत, भावजी.”

“चुकलं असंल त्यांचं.”

“चित्र त्यांचं. त्यांचं कसं चुकेल? पहिल्या भागात पाटीवर काय होतं?”

मी पुन्हा विचारलं. भावजी भिंतीवरच्या धोतराकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मला वाचता येत नाय, बाबा. गिरणीत वाचायची गरज नाय पडली.”

दोन वर्षं माझ्या तंबूत स्टुलावर बसणारा माणूस. जाहिरातीचा कागद समोर धरून मान हलवणारा. मी कधी विचारलं नाही, कारण मुंबईत बारा वर्षं राहिलेल्या माणसाला वाचता येत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाचता येतं, मग त्यांना येतच असणार.

ते म्हणाले, “पण डोळे हायत ना. कड्यावरचा त्याचा हात मी रोज बगितला. वढणाऱ्याचा हात तसा नसतो.”

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं की टोपलीत वर ताजे बोंबील रचून खाली कुजके घालणारे मी हर्ण्याला खूप पाहिलेत, पण घरातलाच निघेल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं तुम्ही मला असला माल विकायला लावलात. ते यावर चिडले नाहीत. थोडा वेळ खोकले, मग पुढचा मार्ग सांगू लागले, जणू शेताचा बांध फुटलाय आणि कुठून बुजवायचा एवढंच ठरायचंय. हा दुसराच कुणी तरी आहे, त्यानं आपल्या काळ्याचं सोंग घेतलंय, खरा काळा दर्याच्या तळाशी आहे आणि तिथून घोड्याला बळ देतोय, असं सांगू. लोकांना पटेल. शेवटापर्यंत चित्र दाखव, म्हणजे बसवता येईल.

चांगली युक्ती होती. आज मला ते दिसतं. तेव्हा मी म्हटलं, लिहिलंय तेच सांगायचं, आणि लिहिलेलं मला वाचता येतं. उद्यापासून मी वाचतो.

“मंग मी कुटं बसू?”

“पुढच्या बाकावर,” मी म्हटलं. “फुकट.”

हे मी का बोललो ते मला माहीत आहे. मला फसवलेलं चालत नाही. लिलावात मला कुणी फसवलं तर मी वर्षभर त्याच्या सावलीला उभा राहत नाही. चित्राचा उरलेला भाग त्या दुपारी आम्ही बघितलाच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तंबू असा भरला की कापड बाहेर फुगलं. दाराशी मी यंत्रवाल्याच्या भावाला बसवलं आणि स्टुलावर जाऊन बसलो. भावजी खरंच पहिल्या बाकावर आले होते. शेजारी बाय. तिनं आजवर एकही खेळ बघितला नव्हता, कारण खेळाच्या वेळी भावजींचा काढा करायचा असे. आज त्यांना बोलायचं नव्हतं, म्हणून ती मोकळी होती.

मी वाचू लागलो. प्रत्येक पाटी स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. पहिली काही मिनिटं लोकांनी ऐकून घेतलं. मग मागून कुणी तरी म्हणालं, यादी वाचतोयस का रं. दुसरा म्हणाला, त्यापरीस बोंबलाचा भाव सांग, तो तरी बरा सांगतंस. हशा पिकला. मी मोठ्यानं वाचू लागलो. घोडा उडाला तेव्हा लोक हरखले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुलावरच्या मारामारीत लोक बाकांवर उभे राहिले. हे सगळं माझ्या बाजूनं आहे, कुणी विसरू नये.

काळा समुद्रातून आला. तंबू असा उसळला की मी पाटी वाचली ती मलाच ऐकू आली नाही. पुढच्या रांगेत एकानं नारळ फोडला, पाणी माझ्या पायावर उडालं. मग काळा तबेल्यात शिरला, घोड्याला खांबाला बांधलं आणि खड्गानं त्याचे पंख छाटू लागला. आरडाओरडा एकदम थांबला. म्हाताऱ्या बाईसारखा एक आवाज शांतपणे म्हणाला, “ह्यो आमचा नव्हं.”

मी वाचत राहिलो. मांत्रिकाचा सूड पुरा झाला, वगैरे. आता कुणी हसत नव्हतं. एक जण म्हणाला, भावजींना बसवा. मग दुसरा, मग सगळा तंबू. भावजींना बसवा. भावजी खाली मान घालून बसले होते, हलले नाहीत. बाय माझ्याकडे बघत होती. अजूनही मला फक्त उठून स्टूल मोकळं करायचं होतं. मी यंत्र थांबवायला लावलं, कंदील पेटवला आणि स्टुलावर उभा राहिलो.

“ज्याला बोलावताय त्याला अक्षर वाचता येत नाही,” मी म्हटलं. रागात मी त्यांना अरे-तुरेवर आणलं. “पहिल्या खेळात त्यानं सांगितलं ते त्या चित्रात नव्हतंच. काळा तेव्हाही चोरच होता. तुम्ही चोरासाठी रडलात.”

भावजी उठले. टोपी नीट केली. लोकांकडे वळून, नमनात म्हणायचे त्याच स्वच्छ आवाजात म्हणाले, “खरं हाय. मला वाचता येत नाय.” आणि बायला म्हणाले, चल. लोकांनी वाट दिली. ते बाहेर पडल्यावर एकेक रांग उठली. कुणी पैसे परत मागितले नाहीत. मागितले असते तर मी भांडलो असतो, भांडायला मला येतं.

पुढचे तीन दिवस चित्र मी जवळजवळ रिकाम्या तंबूला दाखवलं, आणि शेवटापर्यंत बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी बायच्या घरी गेलो. भावजी पडवीत बसून बांबूच्या कामट्या तासत होते. आंब्याच्या करंड्या विणायचं काम त्यांनी धरलं होतं, बसून करण्यासारखं. बाय अंगणात भात वाळत घालत होती. तिनं मला बस म्हटलं नाही.

मी उभ्या उभ्या बोललो. स्टुलाऐवजी हातांची खुर्ची. जाहिरातीवर भावजींचा उल्लेख चित्राच्या वर. सोंगाची गोष्ट त्यांनी वखारीत सांगितली होती तशी सांगावी, माझी हरकत नाही. एवढं मी एका दमात दिलं, आणि माझ्यासारख्यानं एका दमात एवढं देणं म्हणजे काय ते बायला ठाऊक असायला हवं होतं.

भावजींनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, यातलं काही नको. एकच कर. जमलेल्या लोकांपुढं सांग की तू रागात बोललास आणि पहिला खेळ मी सांगितला तसाच व्हता.

मी म्हटलं, ते खोटं आहे. पाटीवर लिहिलंय. त्यांनी सुरी उचलली. मी थोडा खाली आलो. म्हटलं, मी असं सांगतो की पहिला खेळ मी स्वतः पाहिलेला नाही, त्यामुळे मला खात्री नाही. ते तासू लागले. मी आणखी खाली आलो. म्हटलं, पाटी लिहिणाऱ्याची चूक असू शकते, एवढं म्हणतो. याहून खाली मला येता येणार नाही.

बाय भात हातानं पसरत होती, ती थांबली. “मासळी घ्यायला आलायस का माणूस न्यायला?” ती म्हणाली. “माणूस न्यायला आलेला असा थोडं थोडं नाय देत.”

“तुला माहीत होतं ह्यांना वाचता येत नाही,” मी म्हटलं. “तू मला सांगितलं नाहीस. दोन वर्षं.”

“तू विचारलं नायस.”

“मी का विचारू?”

ती भाताकडे वळली. मी निघून आलो. ही माझी तक्रार आहे आणि ती आजही जागची हललेली नाही. मला अंधारात ठेवलं. जे खरं होतं ते मी बोललो आणि त्याची शिक्षाही मीच भोगली. मी भावजींना हाकललं असं गावात म्हणतात. मी त्यांना बाकावर बसवलं होतं. उठून ते गेले.

तंबू त्या पावसाळ्यात गुंडाळला तो पुन्हा उभा केला नाही. लवकरच चित्रं बोलायला लागली, माझं यंत्र भंगारात निघालं. मी आंब्याच्या व्यापारात शिरलो आणि त्यात माझं बरं चाललं. बायच्या घरी सणाला जायचो, जेवायचो. भावजी करंड्या विणायचे. माझ्या करंड्या मी दुसरीकडून घ्यायचो, त्यांच्याशी दर बोलायला नको म्हणून.

चार-पाच वर्षांनी आंब्यांच्या कामाला मी घाट चढून गेलो होतो. तिथल्या एका जत्रेत जुनी मुकी चित्रं दाखवणारा तंबू होता आणि बाहेर पहिल्या घोड्याचं चित्र रंगवलेलं. मी तिकीट काढून आत गेलो. दर कमी कर म्हटलं नाही. आत सांगणारा कुणी नव्हता, नुसती पेटी आणि तबला.

आता मी दोन्ही पाहिलेत, तेव्हा सांगतो. पहिला घोडा गरीब चित्र आहे. तारा दिसतात. पंख झावळीसारखे हलतात. तलवारबाजी चार माणसांत होते आणि तेच चौघे पुन्हा पुन्हा मरतात. कड्याखालचा समुद्र म्हणजे बहुधा हलवलेलं कापड. राजपुत्राचा चेहरा दोन्हींत तोच, पण दुसऱ्यात तो बरा चालतो. साधू खरंच साधू आहे, राजपुत्राचा गुरू. पाट्यांवर सगळं स्वच्छ लिहिलंय, आणि मी म्हटलं होतं त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

मग कडा आला. पाटी सांगते की मांत्रिक घोड्याला मागे ओढतो. मी हात बघितला. एक हात लगामावर आहे, पण दुसरा, तळवा वर करून, घोड्याच्या जबड्याखाली. बुजलेलं जनावर धरणारा माणूस धरतो तसा. घोड्याचा मागचा पाय खरोखर घसरतो, दोन दगड खाली जातात, आणि तो तळवा त्याला थोपटतो. मग माणूस राजपुत्राकडे बघतो, त्याचं तोंड पुन्हा कपटी होतं आणि तो पडतो. मी दुसऱ्या दिवशी थांबून पुन्हा बघितलं. मला वाटतं तो कडा खरा होता, घोडा खरा होता, आणि काळ्याचं सोंग घेतलेल्या त्या नटाला, तो कोण असेल देव जाणे, घोडा वाचवायचा होता. लिहिणाऱ्यानं पाटी नंतर लिहिली असणार.

घाट उतरल्यावर मी घरी न जाता बायकडे गेलो. भावजी आता करंड्याही विणत नव्हते. पडवीत बाजेवर उशांना टेकून बसवलेले, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी त्यांना सांगितलं की पहिला घोडा पाहिला. हात पाहिला.

“कसा व्हता?”

मी माझा तळवा वर करून दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही, रागही नाही. आता हे लोकांना सांग, असंही ते म्हणाले नाहीत. सांगायला माझ्याकडे तंबू नव्हता. बराच वेळ श्वास गोळा करून त्यांनी विचारलं, दुसऱ्याचा शेवट काय झाला. त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. वखारीत मी यंत्र थांबवलं होतं आणि तंबूतही मीच.

बाय काढ्याचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबली.

मी सांगितलं. पंख छाटलेला घोडा राजपुत्राला पाठीवर घेऊन समुद्रात उडी टाकतो. काळा पाठलाग करतो आणि बुडतो. घोडा पोहत किनाऱ्याला लागतो, राजपुत्र उतरतो, घोडा वाळूवर मरतो. पाटी येते, धर्माचा जय झाला.

“पाटी सांगतंस तू,” भावजी म्हणाले. “चित्र सांग.”

“हेच चित्र.”

“घोडा पडला तवा त्याचं तोंड कुणीकडं व्हतं?”

मला आठवलं. राजपुत्र जमिनीकडे चालत जातो आणि घोड्याची मान उलट वळलेली असते. मी म्हटलं, दर्याकडे.

भावजींनी डोळे मिटले. मग त्यांचा आवाज आला, तंबूच्या कापडातून यायचा तो नव्हे, त्याची बारीक काडी उरलेली. घोडा दर्याकडं बघतो, ते म्हणाले, आणि दर्यात कोन हाय. तळाशी कोन बसलाय त्याचा लगाम धरून. घोडा कान टवकारतो... पुढे खोकला आला. बायनं त्यांना पुढे वाकवून पाठ धरली. खोकला थांबेना. त्यातच त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं हलवली. पुढे तू सांग.

बायही माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. घोडा कान टवकारतो, मी म्हटलं, आणि पुढचं मला येईना.